शाळा, घर आणि इगर्ज

प्राथमिक शाळेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात शिक्षक असतो, अभ्यासक्रम असतो, इमारत आणि अनुदान तर असतेच असते. घर मात्र फारसे नसते. असलेच तर ते 'पालकांचे सहकार्य' ह्या दोन शब्दांपुरते. स्नेहसंमेलनाच्या अहवालात शेवटून दुसऱ्या ओळीत, मंडपवाल्याच्या आधी, त्या सहकार्याचे आभार मानले जातात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. प्रस्तुत लेखात हा बाजूस पडलेला विषय एका विशिष्ट ठिकाणी नेऊन पाहावयाचा आहे : गोव्यातील कॅथलिक चर्चने चालविलेल्या प्राथमिक शाळा. ठिकाण मुद्दामच निवडले आहे. एक तर येथे घर आणि शाळा ह्यांच्यामध्ये तिसरी एक संस्था, म्हणजे गावची इगर्ज, शतकानुशतके उभी आहे. दुसरे असे की, १९९० ते २०११ ह्या एकवीस वर्षांत ह्यांपैकी बहुतेक शाळांनी शिक्षणाचे माध्यम दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा 'मुलाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा?' हा प्रश्न उघड्यावर आला.

प्रथम एक शब्द नीट करून घेऊ. विद्यार्थ्याचा शाळेतील 'सहभाग' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर हजेरीपट येतो, नाहीतर वक्तृत्वस्पर्धा. जेनिफर फ्रेडरिक्स, फिलिस ब्ल्यूमेनफेल्ड आणि ॲलिसन पॅरिस ह्या तीन अमेरिकन संशोधकांनी २००४ साली ह्या विषयावरील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला आणि सहभागाची तीन अंगे सांगितली : वर्तनाचे, भावनेचे आणि विचाराचे. मूल वेळेवर येते, गडबड करीत नाही, गृहपाठ पुरा करते, हे पहिले अंग. ही शाळा माझी आहे, येथे माझी कोणी वाट पाहते असे त्याला वाटते, हे दुसरे. आणि समोरच्या गोष्टीशी ते मनाने झटते, अडले तर पुन्हा भिडते, हे तिसरे. आपल्या शाळांची गंमत अशी की, पहिले अंग मिळाले की बाकीची दोन मिळालीच असे धरून चालण्याची आपल्याला सवय आहे. फळ्यावरचा मजकूर वळणदार अक्षरांत उतरवून घेणारा आणि त्यातला एकही शब्द न समजणारा मुलगा आपल्याकडे 'शहाणा' ठरतो. त्याच्या वहीवर तारा मिळतो. तो अभ्यासात आहे की नुसता वर्गात आहे, हे त्या ताऱ्यावरून कळत नाही. ते कळण्याची एक जागा म्हणजे घर. संध्याकाळी मूल शाळेविषयी काय बोलते, कोणत्या भाषेत बोलते, की बोलतच नाही, हे आईला ठाऊक असते, शिक्षकाला नसते. घर आणि शाळा ह्यांच्या भागीदारीची गरज मुळात येथून निर्माण होते. तिचा उगम सौजन्यात नाही, माहितीच्या ह्या विभागणीत आहे.

कॅथलिक परंपरेत ही भागीदारी निव्वळ सोयीची बाब मानलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र संमत केले. त्यात आईबाप हेच मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक होत, असे स्पष्ट म्हटले आहे. आईबापांची ही कामगिरी जेथे उणी पडते तेथे ती दुसऱ्या कोणाला भरून काढणे जवळजवळ अशक्य, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. शाळा येते ती त्यानंतर, मदतनीस म्हणून. १९८३ साली चर्चची कायदेसंहिता नव्याने प्रसिद्ध झाली, तिच्यातील ७९६ वे कलम ह्याच्याही पुढे जाते. शिक्षकांनी पालकांशी निकटचे सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे आपखुशीने ऐकावे आणि पालकांच्या संघटना वा सभा स्थापन करून त्यांना मान द्यावा, असे ते कलम सांगते. 'ऐकावे' हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. पालकसभेत सामान्यतः ऐकण्याचे काम पालकांकडे असते.

ह्या विचाराला व्हॅटिकन परिषदेच्या कितीतरी आधीचा एक पूर्वज आहे. फ्रान्समधील रॅंस शहरी १६५१ साली जन्मलेले धर्मगुरू झां बाप्तिस्त द ला साल ह्यांनी कारागिरांच्या व गोरगरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढल्या. त्या काळी वाचन शिकवायचे ते लॅटिनमधून, अशी वहिवाट होती. द ला साल ह्यांनी ती मोडली आणि मुलांना आधी फ्रेंच, म्हणजे त्यांच्या घरची भाषा, वाचावयास शिकविली. ज्या मुलाला थोडीच वर्षे शाळेत काढून बापाच्या धंद्यात जावयाचे आहे त्याला अर्धवट लॅटिनचा उपयोग काय, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. त्यांच्या शाळांच्या नियमपुस्तकात आणखी एक व्यवस्था आढळते. विद्यार्थ्यांतूनच काही जण गल्लीवार नेमलेले असत आणि गैरहजर मुलाच्या घरी जाऊन तो का आला नाही ह्याची चौकशी त्यांनी करावयाची असे. तीनशे वर्षांपूर्वीची ही रीत वाचताना वाटते की, आजच्या यंत्रावरून 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे' असा जो निरोप पालकाला येतो त्यापेक्षा दारात उभा राहिलेला तो सोबती अधिक काही करीत असावा.

गोव्यातील पॅरिश शाळेचा इतिहास निराळ्या सुरात सुरू होतो, आणि येथे 'सूर' हा शब्द शब्दशः घ्यावयास हरकत नाही. पोर्तुगीज अमदानीत इगर्जीला लागून असलेल्या ह्या शाळांत प्रार्थना, धर्मोपदेश आणि त्याबरोबर संगीत शिकविले जाई : स्वरलिपीचे वाचन, गायन, व्हायोलिन. शिकविणारा बहुधा इगर्जीच्या गायकवृंदाचा मेस्त असे. मुलगा सकाळी जे शिकला ते रविवारी मिसाच्या वेळी इगर्जीत गाई आणि संध्याकाळी वाड्यावरच्या क्रुसासमोर लादिनीत वाजवी. शिकलेले कोठे वापरावयाचे हा प्रश्नच त्याला पडत नसे, कारण घर, वाडा आणि इगर्ज ह्या तिन्ही ठिकाणी तेच ऐकले जात होते. हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत पुढे जे गोमंतकीय वादक भरले, त्यांच्यातील कित्येकांची पायाभरणी ह्याच परंपरेत झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतले ठळक नाव. त्यांचे वडील गावच्या इगर्जीचे गायकवृंदप्रमुख होते. म्हणजे बाप आणि शाळा हे येथे एकाच माणसात आले होते. संगीतकार प्यारेलाल हे ह्या गोन्साल्विसांचे शिष्य. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातल्या गाण्यात जे अँथनी गोन्साल्विस हे नाव येते ते त्यांनी गुरूला केलेले वंदन. अर्थात ह्या शाळांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. अक्षरओळख आणि गणित ह्यांच्याकडे तेथे किती लक्ष दिले जाई, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि राज्यकर्त्यांची भाषा व धर्म ह्यांची छाया त्या शिक्षणावर होतीच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि चित्र पालटले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ह्यांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. बहुजनसमाजाच्या घरी पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली ती ह्या शाळांमुळे, ह्याविषयी दुमत नसावे. कॅथलिक समाज मात्र मोठ्या प्रमाणावर चर्चच्या शाळांकडे वळला आणि त्या शाळा पोर्तुगीजच्या जागी इंग्रजी माध्यम घेऊन उभ्या राहिल्या. पोर्तुगीज शिकलेल्या घराला इंग्रजी शिकणे हे एका लॅटिन लिपीतून दुसऱ्या लॅटिन लिपीत जाण्यासारखे होते. मुंबईतील नोकरी, जहाजावरची नोकरी, आखाती देश, हे सारे रस्ते इंग्रजीतूनच जात होते. घरी बोलावयाची कोंकणी, देवासमोर कोंकणी, पत्र लिहावयाचे ते रोमी कोंकणीत आणि शाळेत इंग्रजी, अशी वाटणी होऊन बसली.

त्यानंतर भाषावाद पेटला. १९८७ साली राजभाषा कायदा झाला. त्यात देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापराची तरतूद झाली. हा कायदा व्हावा म्हणून कॅथलिक समाज रस्त्यावर उतरला होता, हे पुढील घटनांच्या संदर्भात ध्यानात ठेवले पाहिजे. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारने धोरण जाहीर केले की, प्राथमिक स्तरावर अनुदान मिळेल ते प्रादेशिक भाषेत शिकविणाऱ्या शाळांनाच. आर्चबिशप राऊल गोन्साल्विस ह्यांच्या नेतृत्वाखालील चर्चने हे धोरण स्वीकारले आणि आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांचे माध्यम इंग्रजीवरून कोंकणी केले. मातृभाषेच्या बाजूने उचललेले हे पाऊल धाडसाचे होते. युनेस्कोने १९५३ सालीच मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याच्या शिक्षणाचा आरंभ व्हावा, अशी शिफारस केली होती. वर सांगितलेल्या तीन अंगांच्या भाषेत बोलावयाचे तर, कोंकणी माध्यमाने दुसरे आणि तिसरे अंग वर्गात येण्यास दार उघडले. पहिलीतले मूल बाईंना प्रश्न विचारू शकते, थट्टा करू शकते, खोटे बोलू शकते, गोष्ट रंगवून सांगू शकते. परक्या भाषेत ते फक्त उत्तर देऊ शकते, आणि तेही पाठ असेल तर.

परंतु ह्या निर्णयात एक गाठ राहून गेली होती आणि ती घरी गेल्यावर सुटत नव्हती. निर्णय सरकार आणि चर्च ह्यांच्या पातळीवर झाला होता, अंमल मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हावयाचा होता. पाठ्यपुस्तक कोंकणी होते, पण देवनागरीतले. कॅथलिक घरात कोंकणी वाचली जाई ती रोमी लिपीत. मिसाचे प्रार्थनापुस्तक रोमीत, पिलारहून १९३३ पासून निघणारे 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक रोमीत, तियात्राची जाहिरात रोमीत. इंग्रजी किंवा पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आईला देवनागरी अक्षरे लावून लावून वाचावी लागत. आजीला तर तीही नाहीत. भर म्हणून, पुस्तकातील कोंकणी प्रमाण मानली गेली ती अंत्रुजी वळणाची, म्हणजे फोंडा भागाकडची. साष्टी-बार्देशच्या क्रिस्तांव घरातली बोली शब्दांत, हेलांत, प्रत्ययांत तिच्यापासून वेगळी. परिणामी एक चमत्कारिक अवस्था निर्माण झाली. मुलाची भाषा शाळेत आली, पण मुलाची आई शाळेबाहेर पडली. पूर्वी इंग्रजी पुस्तक मुलाला कळत नव्हते आणि आईला थोडेफार कळत होते. आता कोंकणी पुस्तक मुलाला कळू लागले आणि आईला वाचता येईना. गृहपाठ घेणारी, चूक दाखविणारी, वही चाळून शिक्षकाशी वाद घालण्याइतकी माहिती बाळगणारी अशी जी आईची भूमिका, ती एका लिपीने हिरावून घेतली. माध्यमाच्या वादात मातृभाषेबद्दल शेकड्यांनी भाषणे झाली आहेत. मातेच्या लिपीबद्दल त्या मानाने फार थोडी.

दुसरी गाठ वरच्या वर्गाची होती. प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून माध्यमिक शाळेत पुन्हा इंग्रजीच. म्हणजे चार वर्षे एका भाषेत आणि मग एका उन्हाळ्याच्या सुटीत दुसऱ्या भाषेत उडी. ही उडी सुखरूप व्हावी म्हणून मधल्या काळात इंग्रजी विषय भक्कमपणे शिकवावयास हवा. तो जेथे तसा शिकविला गेला नाही तेथे पालकाच्या काळजीला आधार होता. तिसरी गाठ सर्वांत बोचरी. सरकारी धोरण लागू होते ते अनुदानाला. ज्याची ऐपत होती तो आपल्या मुलाला विनाअनुदान इंग्रजी शाळेत घालू शकत होता आणि अनेकांनी घातलेही. मातृभाषेचे व्रत पाळावयाचे ते रेंदेराच्या, पोदेराच्या, मासेमाऱ्याच्या मुलाने, असा ह्याचा व्यवहारातला अर्थ झाला.

हा साचलेला असंतोष २०११ साली बाहेर पडला. 'फोर्स' ह्या नावाने पालक संघटित झाले, मोर्चे निघाले आणि दिगंबर कामत ह्यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. चर्चच्या बहुसंख्य शाळा पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, त्यात मराठीवादी आणि कोंकणीवादी दोघेही होते. एकमेकांशी दोन दशके भांडलेले लोक एका व्यासपीठावर आले. २०१२ मध्ये आलेल्या मनोहर पर्रीकर सरकारने असलेल्या अल्पसंख्याक इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले, नव्यांना दिले नाही. त्या राजकारणाच्या पुढील शाखा-उपशाखांत येथे शिरावयाचे कारण नाही.

आपल्या प्राध्यापकवर्गात आणि वृत्तपत्रांतून २०११ च्या त्या पालकांची 'इंग्रजीचे मोहित' म्हणून बरीच हेटाळणी झाली. ती मला मान्य नाही. मूल मातृभाषेत शिकावे हे मत शास्त्रशुद्ध आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्यतो पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. पण ज्या आईला वीस वर्षे कोणी काही विचारले नाही, ती जेव्हा पहिल्यांदा आवाज काढते तेव्हा तिचे वाक्य व्याकरणशुद्ध नसणारच. ती 'इंग्रजी हवे' म्हणत होती हे खरे. त्याच्या आत 'मला वाचता येईल असे पुस्तक हवे' हे होते आणि 'साहेबाच्या मुलाला जे मिळते ते माझ्या मुलाला हवे' हेही होते. ह्यांतल्या पहिल्या मागणीला रोमी लिपीत छापलेली एखादी पालकपुस्तिका, पहिलीच्या मुलांबरोबर आयांचाही देवनागरीचा वर्ग, अशी साधी उत्तरे देता आली असती. दुसरीला मात्र पुस्तिकेने उत्तर देता येत नाही. आणि जिंकल्यानंतर पालकांच्या हाती काय आले? आईला वाचता येणारे पुस्तक आले, पण वर्गातले मूल पुन्हा पाठ केलेली उत्तरे देण्याकडे वळण्याचा धोकाही आला. घराची भागीदारी वाढावी तर मुलाचा सहभाग घटावा आणि मुलाचा सहभाग वाढावा तर घर तुटावे, अशी ही कात्री आहे.

ही कात्री अटळ नाही हे वसईकडे पाहिले की कळते. वसईच्या कॅथलिक समाजाची घरची बोली सामवेदी अथवा वाडवळी. पण पोर्तुगीज तेथून १७३९ साली गेले, आणि इगर्जीतील उपासना, प्रवचने, भक्तिगीते मराठीत व देवनागरीत रुजली. 'सुवार्ता' मासिक घरोघर वाचले जाते. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या आईने रविवारी देवनागरीत प्रार्थना वाचली तिला सोमवारी मुलाचे मराठी पुस्तक परके वाटण्याचे कारण नव्हते. बोली वेगळी असूनही लिपी जुळली, आणि पॅरिशच्या मराठी शाळेत शिकलेल्यांच्या पिढ्या तयार झाल्या. आता तेथेही ओढा इंग्रजीकडे आहे हा भाग वेगळा. तो ओढा साऱ्या महाराष्ट्राचाच आहे, त्यासाठी वसईला वेगळा दोष देता येणार नाही.

इगर्ज, शाळा आणि घर एकत्र असण्याचा फायदा किती, ह्याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. जेम्स कोलमन आणि थॉमस हॉफर ह्यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात दाखविले की, कॅथलिक माध्यमिक शाळांतून मुले मधेच शाळा सोडण्याचे प्रमाण सरकारी शाळांपेक्षा, इतकेच नव्हे तर इतर खाजगी शाळांपेक्षाही, बरेच कमी होते. केवळ शिस्त किंवा फी हे कारण असते तर इतर खाजगी शाळांतही तसेच दिसावयास हवे होते. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे : ह्या मुलांचे आईबाप एकमेकांना ओळखतात. रविवारी चर्चमध्ये ज्या बाईशेजारी आपण बसतो तिचा मुलगा आपल्या मुलाचा मित्र आहे. त्याने शाळा बुडविली तर ती गोष्ट तीन बाकांपलीकडे पोचते. ह्या ओळखीच्या जाळ्याला त्यांनी सामाजिक भांडवल म्हटले. गोव्यातील वाचकाला ह्यात नवे काही वाटणार नाही. आमच्या वाड्यावर हे भांडवल इतके मुबलक असते की कधीकधी त्याचा जाचही होतो.

पण ह्या जाळ्याला एक कड असते आणि कडेबाहेर कोणीतरी उभे असते. गोव्यातील चर्चच्या शाळांत आज हिंदू आणि मुसलमान मुले मोठ्या संख्येने आहेत. शहरी भागांत कर्नाटकातून आणि उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. त्यांचे आईबाप रविवारी इगर्जीच्या अंगणात नसतात. फेस्ताच्या तयारीत, धर्मोपदेशाच्या वर्गात, विगाराशी उभ्याउभ्या झालेल्या बोलण्यात जी निम्मी पालकसभा उरकून जाते तिच्यात त्यांना जागा नाही. मुद्दाम कोणी वगळलेले नसते, पण निरोप पोचत नाही तो नाहीच. कन्नड बोलणाऱ्या गवंड्याच्या मुलीला रोमी कोंकणी, देवनागरी कोंकणी आणि इंग्रजी ही तिन्ही सारखीच दूर. कॅथलिक शाळा आपल्या जुन्या जाळ्यावर विसंबली तर तिची भागीदारी निम्म्या वर्गाशीच होईल, आणि जे मूल सर्वांत अधिक अनोळखी आहे त्याचेच घर सर्वांत शेवटी राहील.

कायद्याने काही साधेल काय? शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे : तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अल्पसंख्याकांच्या शाळांपुरती ही समिती २०१२ च्या दुरुस्तीने सल्लागार स्वरूपाची झाली. मग ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच होत नाही. गमतीची गोष्ट अशी की, त्याच दिवशी कर्नाटकच्या दाव्यात दुसराही निकाल आला : प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा, म्हणजे त्याच्या वतीने पालकाचा, सरकार मातृभाषा लादू शकत नाही. एकाच दिवशी पालकाला माध्यम निवडण्याचा हक्क मिळाला आणि कॅथलिक शाळेच्या कारभारात बसण्याची कायदेशीर खुर्ची गेली. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याक शाळांविषयीच्या त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले आहे. न्यायालय काहीही ठरवो, चर्चचे स्वतःचे ७९६ वे कलम कोणी रद्द केलेले नाही. ते पाळण्यास हायकोर्टाची परवानगी लागत नाही.

राहता राहिले वर्गातले काम. ॲरिझोना विद्यापीठातील लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टूसान शहरातील मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी त्यांनी शिक्षकांना पाठविले. उपदेश करावयास नव्हे, तक्रार सांगावयास नव्हे. ह्या घराला काय काय येते ते शिकून यावयास. शेती, औषधी झाडपाला, बांधकाम, सीमेपलीकडचा व्यापार अशी ज्ञानाची केवढी तरी ठेव त्या घरांत निघाली. एक विद्यार्थी मेक्सिकोहून आणलेली मिठाई विकतो असे आढळले. शिक्षिकेने मिठाई हाच धडा केला, आणि एका पालकाने वर्गात येऊन ती करून दाखविली. वजन, मापे, घटक, किंमत, सारे गणित त्यात आले.

गोव्यातल्या कोणत्याही पॅरिशमध्ये असे किती धडे पडून आहेत! पोदेराला पहाटे किती पिठाला किती पाणी आणि भट्टी किती तापली की उंडे आत सारावयाचे हे ठाऊक असते. रेंदेर माडावर चढून सूर उतरवितो आणि आंबणे म्हणजे काय हे शास्त्राच्या बाईंपेक्षा त्याला नाकाने अधिक कळते. मासेमाऱ्याच्या मुलाला भरती-ओहोटीची वेळ रोज किती सरकते हे सांगता येते. भूगोलाच्या पुस्तकात तेच वाक्य त्याला कठीण जाते. बायांनी म्हटलेल्या लादिनीत आणि मेस्ताच्या व्हायोलिनमध्ये अपूर्णांक आहेत. हे लोक शाळेत एका तासापुरते शिक्षक म्हणून आले तर माध्यम कोणते हा प्रश्न त्या तासापुरता गैरलागू होतो. गवंड्याच्या कानडी मुलीचा बापही येऊ शकतो. ओळंबा लावून भिंत सरळ आहे की नाही हे दाखविण्यास भाषा थोडीच लागते. पालकसहभागाचे सहा प्रकार जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन ह्यांनी सांगितले आहेत. ते सारे येथे देत नाही. आपल्याकडे ज्याची सर्वांत वानवा आहे तो शेवटून दुसरा, निर्णयात वाटा. आणि माझ्या मते वर्गात एक तास मानाने उभ्या राहिलेल्या माणसाला सभेत बोलण्याचे बळ आपोआप येते.

एक अडचण मात्र वेळापत्रकाची आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. बाप तारवटी, म्हणजे जहाजावर, किंवा आखातात. घरी आई आणि आजी. शाळेचे पत्र आईच्या नावाने यावे, आजीला वाचून दाखवावे लागू नये म्हणून त्यातील मजकूर बोलून ध्वनिमुद्रित करून फोनवर पाठवावा, एवढे आज कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. मासेमारी कुटुंबांची गोष्ट वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि बाप घरी. प्राथमिक शाळाही जूनमध्येच उघडतात. पण पालकसभा बहुधा पहिल्या चाचणीचे गुण लागल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात बोलावली जाते. तोपर्यंत होड्या समुद्रात गेलेल्या असतात, आणि हजेरीच्या वहीत त्या बापाच्या नावापुढे 'अनुपस्थित' असे लिहिले जाते.